अंगठ्याचं माप

सायकलदुरुस्ती करणाऱ्या अण्णांनी तीस वर्षांत मोजपट्टी हाती धरली नाही. हँडलच्या मध्यावर अंगठा फिरवायचा आणि ते धरून ठेवणारा नेमका स्टेम खणातून काढायचा, एवढीच त्यांची मिजास. हल्ली साखरेच्या दुखण्याने बोटं बधिर झाली होती. हे त्यांनी फक्त धाकट्या भावाला सांगितलं होतं, तेही ‘कुणाला बोलू नकोस’ म्हणून.

परवा सकाळी एक मास्तर नवं हँडल बसवायला ठेवून गेले. संध्याकाळी ते परतले तेव्हा दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं.

“दादा, होऊन जाऊ दे तुझी करामत!” धाकटा सगळ्यांदेखत म्हणाला.

अण्णांनी अंगठा दोनदा फिरवला, स्टेम निवडला, बोल्ट जीव खाऊन आवळले. मास्तरांनी भार देताच हँडल गर्रकन फिरलं. स्टेम मोठा निघाला होता. लोक हसले.

“हात गेला, तोरा काही जात नाही,” धाकटा म्हणाला. “उद्यापासून तू हवा भरायला बस. हे काम मी बघतो.”

अण्णांनी मान खाली घालून बरोबर मापाचा स्टेम मागितला. धाकट्याने तो खिशातून काढून दिला. सकाळीच मोजून ठेवला होता.