कांताला रडवायची गिटार

माझा दीर दिवाकर वारला तेव्हा घरातली सगळी माणसं रडली, फक्त त्याची बायको कांता रडली नाही. तिनं चहा ठेवला.

बोंडअळीचं साल होतं. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, आणि दिवाकर वाऱ्याच्या तोंडावर उभा राहून दिवसभर विषारी औषधाची फवारणी करून आला. डोळे चुरचुरतात म्हणाला. यवतमाळच्या दवाखान्यातून आणला तो चादरीत गुंडाळूनच. त्याबद्दल यापेक्षा जास्त मला सांगायचं नाही. सांगायचं आहे ते कांताचं.

सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. आणि ही बाई (नवरा जाऊन दुसराच दिवस!) भेटायला आलेल्यांना विचारते, "साखर कमी चालते का?" बायका पदरात तोंड खुपसून रडायच्या आणि मधेच थांबून म्हणायच्या, "कमीच टाक." ती स्वतः मात्र एक घास खात नव्हती. झोपत नव्हती. डोळे कोरडे ठाक.

"हिले रडवा," शेजारची सीताबाई मला म्हणाली. "मोकळी नाही झाली तं डोक्यावर परिणाम होते. माह्या मावशीचं तसंच झालं."

"कायनं रडवू? मारू का तिले?"

"तू मोठी जाऊ हायेस. तूच पाहा."

मी पाहिलं. शेगडीत मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या. असा ठसका उठला की ओसरीवरचे झाडून सगळे रडले, जे दिवाकरशी दहा वर्षं बोलत नव्हते तेसुद्धा! कांतानं दार उघडलं आणि सगळ्यांना पाणी दिलं.

मग फुलसावंगीच्या आत्याबाईला निरोप धाडला. आत्याबाई म्हणजे आमच्या सासऱ्यांची बहीण. रडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती एसटीतून उतरली तीच हेल काढत. डोळ्यांवर पदर, त्यामुळे घर दिसलं नाही, आणि शिरली सीताबाईच्या घरात! तिथं सीताबाईचा नवरा तोंडाला साबण लावून दाढी करत बसला होता. आत्याबाईनं त्याचाच गळा धरला.

"कसा गेला रे माह्या राजा!"

"मी कुठी गेलो? मी इथंच हावो नं!" तो बिचारा ओरडत होता, पण आत्याबाई रडताना कोणाचं ऐकत नाही. आमच्या दारात येईपर्यंत तिचा आवाज पार बसला. कांतानं तिला मिठाच्या गुळण्या करायला कोमट पाणी दिलं.

संध्याकाळी मारेगावहून रफिकभाई आला. हा मेकॅनिक, दिवाकरचा जिवाचा दोस्त. तो म्हणाला, "भाभी, त्याची गिटार वाजवा. कांताभाभीनं ते ऐकलं तं रोना आएगाच."

"मंग वाजव तू."

"मले कुठी येते? मी फक्त तुटलेली तार बसवून देल्ती. वो भी सायकलच्या ब्रेकची."

गिटार खताच्या पोत्यात, खुंटीला टांगलेली होती. दिवाकर तिचा एक धडाही शिकला नव्हता. पांढरकवड्याच्या एका बँडवाल्यानं त्याला सुरांची नावं सांगायला घेतली, तर हा म्हणे, "नावं कायले पाहिजे? बोट चुकलं का पोटात कळते." डोळे मिटून, मान वाकडी करून तो सूर चाचपडायचा, आणि सापडायचासुद्धा. समोर गहू निवडत मी हे वर्षानुवर्षं पाहिलं होतं. म्हटलं, पोट तर मलाही आहे!

गिटार मांडीवर घेतली. डोळे मिटले, मान वाकडी केली. पहिला आवाज गंजक्या रहाटासारखा आला. ओसरीवरचं कुत्रं उठून गेलं. मी जोर लावला.

"या अल्ला," रफिकभाई म्हणाला.

"भूत लागलं का वो हिले?" आत्याबाईनं बसक्या आवाजात विचारलं.

पण मला खरंच पोटात काहीतरी कळायला लागलं होतं! (सकाळपासून जेवले नव्हते, तेही असेल.) मी आणखी रंगात आले, आणि तेवढ्यात कोणीतरी फिस्सकन हसलं. डोळे उघडून बघते तर कांता!

"नवरा मेला अन् दात काढून राह्यली!" आत्याबाई कडाडली. म्हणजे कडाडायला गेली, निघाली नुसती हवा.

"बाई," कांता मला म्हणाली, "तुम्ही गिटार उलटी धरली."

ती उठून जवळ आली. गिटार सुलटी केली. माझं बोट धरून तारेवर ठेवलं. "इथं नाही. थोडं वर. ते इथं दाबत..." त्या जागी दिवाकरच्या बोटानं रंग उडून लाकूड उघडं पडलं होतं. कांताचं बोट तिथं जाऊन बसलं ते उठेना.

"सूर सापडला का ते डोळे उघडत, बाई," ती म्हणाली. "अन् पहिलं माह्याकडं पाहत."

मग ती रडली. ओसरीवरचं ऊन गेलं तरी रडत होती. कोणी तिला गप्प केलं नाही. आत्याबाईला साथ द्यायला आवाज उरला नव्हता, त्याचं तिला फार वाईट वाटलं. नंतर कांतानं अर्धी भाकरी खाल्ली आणि पिठल्यात मीठ नाही म्हणाली. पिठलं सीताबाईचं होतं. मी मिठाची बरणी पुढं सरकवली.

ही गोष्ट गावोगाव पसरली. त्या फवारणीनं आणखीही घरं उजाड केली होती. कुठं कोणाची आई, कोणाची बायको दगडासारखी बसली की माणूस यायचा, "मोठीबाईले गिटार घेऊन बोलावलं." मी जायची, डोळे मिटायची, वाजवायची, आणि बाई रडायची. एकदाही चुकलं नाही. लोक म्हणतात, माझ्या हातात माया आहे. असेल. पण त्या बाया दुःखानं रडायच्या की माझं वाजवणं सोसवेना म्हणून, हे विचारायची माझी अजून हिंमत झाली नाही!