राक्षस दाराशी आला की

मी कारेलीबागेतल्या गुजराती शाळेत तिसरीत होते. घरात मराठीच बोलायचे, पण वाचायला एक ओळ येत नव्हती. सोसायटीत नुकतीच केबल आली होती, त्यामुळे मला त्याची खंतही नव्हती. खंत होती ती आईला. "उद्या लांब कुठे गेलीस, तर माझं पत्र काय शेजारणीकडून वाचून घेशील?" ती विचारायची.

"फोन करीन ने!" मी गुजराती हेलात म्हणायचे.

आई हट्टाला पेटली की तिच्यापुढे कोणाचं काही चालत नसे. रावपुऱ्यातल्या एका मराठी वाचनालयातून तिने परीकथांचं पुस्तक आणलं. मी शाळेतून आले की ती वाचून दाखवायची आणि राक्षस राजकन्येच्या दाराशी आला की नेमका तिला कुकर आठवायचा. "बाकीचं लिहून ठेवलंय. तूच वाच."

वहीच्या कागदावर गोष्टीचा शेवट असायचा. भाषा मराठी, अक्षरं गुजराती! फक्त एक शब्द देवनागरीत, आणि बाईसाहेब तो अगदी मोक्याचा निवडायच्या. राजकन्येने राक्षसाच्या डोक्यात काय घातलं, तेच कळेना. मी तणतणत स्वयंपाकघरात जायचे, आई ढिम्म. मग नाइलाजाने एकेक अक्षर लावत बसायचे. वरवंटा! हळूहळू असे शब्द वाढत गेले. दिवाळीपर्यंत कागदावरून गुजराती अक्षरं कधी नाहीशी झाली, मला पत्ताच लागला नाही. चक्क फसवलं होतं मला.

पुढे नोकरीसाठी बंगळूरला निघायच्या आठवड्यात त्याच वाचनालयात ते पुस्तक पुन्हा हाती लागलं. हौसेने एकेका गोष्टीचा शेवट काढून वाचला. पुस्तकातल्या राजकन्या लग्न करून सुखाने नांदत होत्या, बस्स. आईच्या कागदांवरची प्रत्येक राजकन्या मात्र परमुलखात पोचल्यावर आधी आईला पत्र लिहायची. कपाटापाशी उभ्या उभ्या मला रडू आलं.

बंगळूरला पोचल्याचा फोन केला, आणि त्याच दिवशी पत्रही टाकलं. आठवड्याने आईचं उत्तर आलं. सगळ्यांची खुशाली झाल्यावर खाली लिहिलं होतं : "काल तुझ्या बाबांनी भलताच उद्योग करून ठेवला. दार उघडून बघते तर... असो, कुकर लावायचाय. पुढचं तुझं पत्र आल्यावर."

फोन समोरच होता. मी कागद घेतला.