काकीच्या बहिणीवरची मालिका

"हाय तं हाय, न्हाय तं न्हाय," असं म्हणत काकी दुसऱ्या बाईने बंद केलेलं खोकंसुद्धा पुन्हा उघडायची. चिठ्ठीवर लिहिलेलीच वस्तू आत आहे, हे पाहिल्याशिवाय ती चिकटपट्टी लावायची नाही. दापोड्याच्या गोडाऊनमध्ये आम्ही पाच वर्षं एका टेबलावर पॅकिंग केलं. ती अंजूर गावची, पन्नाशीची; सगळे तिला काकीच म्हणायचे. एकदा निळ्या बादलीच्या जागी हिरवी निघाली. सुपरवायझर म्हणाला, जाऊ द्या, बादली ती बादलीच. काकीने ती त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि निळी येईपर्यंत तिथून हलली नाही.

तुम्हीही ती मालिका पाहिली असेल. बायकांना रिक्षातून नेऊन मारणाऱ्या एका खऱ्या माणसावरची, आपल्याच भागात घडलेली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या एका मोबाइलभोवती बसायचो. खुन्याचं काम करणारा नट देखणा होता. एका पोरीने तर त्याचा डायलॉग रिंगटोन म्हणून लावला होता. काकी आमच्याकडे पाठ करून जेवायची. तिला मारामारी आवडत नसेल, असं आम्ही धरून चाललो.

चौथ्या भागात एक बाई लाजत, हसत त्याच्या रिक्षात बसली. कुणीतरी म्हणालं, हिलाच हौस होती. काकीने डबा खाली ठेवला.

"हसत न्हाय बसली ती. तिला ताप व्हता, दवाखान्यात चाललेली. मीच बोलले, चालत जाऊ नको, रिक्षा कर." मग म्हणाली, "माझी बहीन व्हती ती."

मोबाइल चालूच होता. रिंगटोनवाल्या पोरीने विचारलं, "काकी, तो खरा कसा दिसायचा?"

दुसऱ्या दिवसापासून माल न्यायला येणारे ड्रायव्हर लोक काकीला बघायला मुद्दाम आमच्या टेबलाजवळून जायला लागले. मग मोबाइलवर बातम्या देणारा एक जण गेटवरून आमच्या टेबलापर्यंत आला. सुपरवायझर म्हणाला, बोला काकी, आपल्या गोडाऊनचं नाव होईल. काकीने त्या माणसाला एवढंच विचारलं, तिला ताप होता हे दाखवाल का. तो म्हणाला, बघू, आधी प्रेत ओळखताना कसं वाटलं ते सांगा. काकीने हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि ती निघून गेली. पुन्हा कामावर आली नाही. मी सगळं ऐकत होते आणि खोकी बंद करत होते.

उरलेले भाग मी घरी बसून पाहिले. एक अख्खा भाग खुन्याच्या बालपणावर होता. काकीच्या बहिणीचं पुढे नावही आलं नाही.

दोन महिन्यांनी काकी बाजारात भेटली. माझ्या मुलांची चौकशी केली. मग हळूच म्हणाली, "शेवटी काय दाखवलं गं तिचं?"

"मी पुढे पाहिलंच नाही," मी म्हणाले.

तिचे डोळे भरून आले. "बरं केलंस," असं म्हणून तिने पिशवीतली मेथीची जुडी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

मी ती घेतली.