सायकलीवरचं मखर

कणकवलीजवळच्या आमच्या गावच्या घरी गणपतीचं मखर दरवर्षी काकाच करायचे. मुंबईकरांबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "तुमचे हात फक्त जेवतना चलतत," असं ते शिमग्याला चारचौघांत म्हणाले आणि माझं टाळकं सटकलं. यंदाचं मखर मी मुंबईहून आणणार, असं मी तिथंच जाहीर केलं. काका हसलेसुद्धा नाहीत. "बरां," म्हणाले. आता माघार नव्हती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. थर्माकोलची तेव्हा नवलाई होती. घाटकोपरच्या आमच्या चाळीत त्याचे कण बरेच दिवस सगळ्यांच्या आमटीत सापडत होते. मी केली मोठी कमान, दोन्ही बाजूंना मोर, वर सोनेरी कळस. माप गेल्या वर्षीच्या मूर्तीचं. एसटीच्या टपावर तिचा चुरा होणार हे उघड होतं. शेजारच्या खोलीतला माझा दोस्त बँकेत कारकून, पोट सुटलेला, पण सायकलीवरून लांब लांब भटकायचं वेड. "सायकलीवर नेऊ ना यार, नजरेसमोर राहील," तो म्हणाला. मला पटलं. बुद्धी गहाण पडली की असलंच पटतं.

कमान सुटी करून सपाट बांधता आली असती. पण ती मोडायला माझं मन होईना. प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभीच्या उभी कॅरिअरला बांधली.

वडखळपर्यंत ठीक चाललं. पुढे मोकळी शेतं लागली आणि वाऱ्याने आम्हाला गाठलं. पावसाबद्दल माझी तक्रार नव्हती, आम्ही भिजून झालोच होतो. वारा मात्र हलकट. समोरून आला की पायडल मारून जागच्या जागी, आडवा आला की थेट भाताच्या खाचरात. मी चिखलात, कमान माझ्या अंगावर आणि दोस्त रस्त्यावर उभा राहून हसतोय. "शीड लावलंयस रे, आता सुकाणू पण लाव!" गणपतीच्या दिवसांत तोंडातून काढू नयेत अशा शिव्या मी त्याला घातल्या.

कशेडी घाटात वारा इतका वाढला की उतरावंच लागलं. मी दोन्ही सायकली ढकलत होतो. दोस्त कमानीच्या आत उभा राहून, दोन्ही हातांनी ती धरून पावलं टाकत होता. मागून चाकरमान्यांनी भरलेली एसटी आली. कमानीत पोटवाला माणूस बघून अख्खी गाडी ओरडली, "गणपती बाप्पा मोरया!" आणि या गाढवाने आशीर्वादाला एक हात वर केला.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. कमान बरोबर मधोमध मोडली, कळस दरीत गेला. मी कठड्यावर बसून चक्क रडलो. काकांचं ते "बरां" कानात वाजत होतं.

"वाट लावली रे मी," दोस्त म्हणाला. त्याने दोन्ही तुकडे दोन सायकलींना आडवे, सपाट बांधले. त्यानंतर वारा आमच्याकडे ढुंकूनही बघेना. गावापर्यंत आम्ही सुसाट गेलो, याचाच मला जास्त राग आला.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पोचलो. मी तुकडे काकांपुढे ठेवले आणि मान खाली घातली. ते तुकडे उचलून आत गेले, मीही मागोमाग गेलो. पाटावर आणून ठेवलेली मूर्ती बघून मी चाटच पडलो. गेल्या वर्षीपेक्षा चांगली हातभर उंच! मुंबईहून मखर येणार म्हणून काकांनी मूर्तिकाराला मुद्दाम मोठी करायला सांगितली होती. माझी कमान धड पोचली असती तर गणपतीच्या कानांना लागली असती.

काकांनी एक तुकडा डावीकडे उभा केला, एक उजवीकडे. मोर समोरासमोर आले. मधून मुकुट मोकळा वर गेला. काका दोन पावलं मागे सरले.

"तुझ्यापेक्षा वाऱ्याक माप बरां कळता," ते म्हणाले.

दोस्त खो खो हसत सुटला. काकांनी माझे चिखलाने भरलेले, डिंकाने सोललेले हात उलटेपालटे करून पाहिले.

"धुवन ये आणि जेवक बस," ते म्हणाले. "औंदा ह्ये हात कामाचे."