किनाऱ्यावरची मैदानं आणि बोगादीचा माळ

पश्चिम किनाऱ्यावरची गोल्फची मैदानं मी पाहिली आहेत असं म्हटलं, की माझ्या सुना तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. मंगळूरचं पाहिलं, कण्णनूरचं पाहिलं, कालिकतचं पाहिलं. नुसती पाहिली नाहीत, पायांखाली घातली, तीही नऊवारी नेसून आणि खांद्यावर काठ्यांची पिशवी अडकवून. कोणी किनाऱ्याला निघालंच, तर मी सांगते, ही तिन्ही मैदानं बघून या. मला मात्र ती खेळासाठी आठवत नाहीत. त्या मैदानांवर हे माझ्याशी बोलले, म्हणून आठवतात.

नवरा बायकोशी बोलला, त्यात काय मोठंसं, असं आजच्या पोरींना वाटेल. आमच्या घरी ते फार मोठं होतं. ह्यांचे आजे म्हैसूरच्या राजवाड्याच्या घोडदळात होते. घोडे गेले, तलवारी गेल्या, पण दरारा तेवढा घरात राहिला. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, हा घरचा नियम. ह्यांना पाणी हवं असलं तर भिंतीकडं बघून म्हणत, "पाणी मिळेल का?" आणि जणू भिंतीनंच दिलं असं दाखवून मी पेला ठेवून आत यायचं. घरात सासूबाई, तीन जावा, त्यांची पोरं, येणारे-जाणारे. घर कधी रिकामं म्हणून नसायचं. वडीलधारी दिसत नसली तरी कुठंतरी खोकत असायची.

माझं माहेर तंजावरचं. आमची मराठी तमिळ वळणाची, ह्यांच्याकडची कानडी वळणाची. मी तोंड उघडलं की जावा फिदीफिदी हसायच्या. थोरली तर माझी नक्कल करून पोरांना हसवायची. म्हणून मी बोलणंच आवरलं. मी! माहेरी माझ्या तोंडाला कोणी लागत नसे. लग्न झालं तेव्हा मी अकरा वर्षांची. लगेच हे सरकारच्या खर्चानं पूल बांधण्याची विद्या शिकायला विलायतेला गेले. परत आले तेव्हा मी सासरी नांदायला आलेली होते, पण नवरा म्हणून जो माणूस दाखवला तो मला अगदी परका. हडकुळा, गप्प, ओसरीच्या टोकाला पुस्तक घेऊन बसणारा. कोपऱ्यात त्या काठ्यांची पिशवी. सासूबाईंना वाटे, विलायतेत साप फार असावेत.

म्हैसूर संस्थानाला स्वतःचा समुद्र नाही. त्या वर्षी कुठल्याशा बंदराचा विचार दरबारात चालला होता, म्हणून किनाऱ्यावरची बंदरं पाहून यायचं काम ह्यांच्याकडं आलं. ह्यांना नुकताच हिवताप होऊन गेलेला. सासूबाई म्हणाल्या, "हिला घेऊन जा. पथ्याचं करून घालील." पेटी घेऊन जा म्हणावं, तसं. मी मान खाली घातली आणि आतल्या आत इतकी हरखले, की त्या दिवशी सारात दोनदा मीठ पडलं.

मंगळूरला आम्ही एका जुन्या बंगल्यात उतरलो. सकाळी हे कचेरीच्या कामाला जायचे आणि ऊन कललं की शिपायाच्या खांद्यावर काठ्या देऊन टेकडीवर खेळायला. मी खोलीत. म्हैसूरला निदान आवाज तरी होते! चौथ्या-पाचव्या दिवशी शिपाई तापानं आडवा झाला. हे दारात उभे राहून पिशवीकडं बघत होते. आजूबाजूला वडीलधारं कोणी नाही, तरी सवयीनं भिंतीलाच म्हणाले, "आज काठ्या कोण धरणार?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "भिंत धरील. तिच्याशीच बोलताय ना?"

ते वळले. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ते मला नीट बघून म्हणाले, "जड आहेत हं."

"दोन घागरी पाण्यापेक्षा जड आहेत का?" मी म्हटलं आणि पिशवी उचलली.

टेकडीवरच्या त्या मैदानाला ना कुंपण, ना फाटक, ना हटकणारा शिपाई. लाल जांभ्याची जमीन, कडेला काजूची झाडं, एका बाजूला धोब्यांनी पसरलेले कपडे आणि मधे गाई. हिरवळ औषधालासुद्धा नाही. चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्याभोवती तेल शिंपडून दाबलेली वाळू, आणि वर एक फडकं बांधलेली काठी. जांभ्यावर आपटला की चेंडू कुठं उडेल याचा नेम नव्हता. एकदा तो गाईच्या पाठीवर बसला. गाईनं वळूनही बघितलं नाही. मला हसू आवरेना, आणि हे माझ्याकडं बघून थोडेसे हसले.

मग बोलायला लागले. मला त्याचं कारण तेव्हाच कळलं होतं. त्या खेळात दोघांनी एकाच दिशेला चालायचं असतं. चेंडू पुढं, आम्ही मागं. एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. समोरासमोर बसवलं असतं तर ह्यांच्या तोंडून शब्द फुटला नसता. चालताना मात्र पूल, विलायतेतलं धुकं, तिथली बेचव भाजी, सगळं आलं. मी विचारलं, "पण हाच खेळ का शिकलात?"

म्हणाले, "तिथं माझ्याशी फारसं कोणी बोलत नसे. सुट्टीच्या दिवशी काय करायचं? या खेळाला दुसरं माणूस लागत नाही, म्हणून शिकलो."

इतके दिवस मी समजत होते, हा माणूस गर्विष्ठ आहे. म्हटलं, "मग मलाही शिकवा. मलाही म्हैसूरला दुसरं माणूस नाही."

पुढं आगगाडीनं कण्णनूरला गेलो. तिघांत सुंदर मैदान कोणतं म्हणाल, तर कण्णनूरचं. पलटणीच्या बराकींपलीकडं मोकळं मैदान, आणि ते संपतं तिथं कडा, आणि खाली समुद्र. दुपारी गोरे झोपलेले असत तेव्हा आम्ही जायचो. तिथं ह्यांनी माझ्या हातात काठी दिली. पहिल्यांदा मी मातीच उकरली. "विहीर खणतेस का?" म्हणाले. मला आला राग. पदर खोचला, आणि असा हाणला, की चेंडू सरळ कड्यावरून समुद्रात! "अय्यो, गेला की हो!" मी ओरडले. हे खाली बसून हसले. मोठ्यांदा हसले. त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तेवढ्यात एक म्हातारा गोरा तिथून चालत आला. मला वाटलं, आता हाकलणार. त्यानं डोक्यावरची टोपी जराशी उचलली आणि पुढं गेला. हे म्हणाले, "तुला नमस्कार केला त्यानं." मी म्हटलं, "घरी जाऊबाईंना सांगा बरं हे."

कालिकतला खेळायची जागा म्हणजे ओहोटीची वाळू, आणि तिच्या वरच्या अंगाला जरा घट्ट माळ. मासे वाळत घातलेले, वासानं जीव नकोसा व्हायचा. खेळायला बेकार, पण संध्याकाळी चालायला त्याच्यासारखं दुसरं नाही. तिथं शेवटच्या दिवशी आम्ही खेळलोच नाही, नुसते चाललो. मला रडू यायला लागलं. लपवण्यात काय अर्थ? सांगून टाकलं, "परवा घरी गेलो की तुम्ही पुन्हा भिंतीशी बोलणार."

"नाही," ते म्हणाले. "गावाबाहेर बोगादीच्या वाटेवर मोठा माळ आहे. तिथं दोघं जात जाऊ. आईला मी सांगेन."

"सांगाल? आईंसमोर? माझ्यासाठी?"

"सांगेन म्हणतोय ना."

त्या शब्दावर मी घाट चढून परत आले. गाडी हिंदकळत होती, मला उलट्या होत होत्या, आणि मी मनात बोगादीच्या माळावर हिंडत होते. मला दागिना नको होता, वेगळं बिऱ्हाड नको होतं. संध्याकाळी तासभर हा माणूस हवा होता, आणि तो सगळ्यांसमोर मागून घेतलेला हवा होता. चोरून नको.

घरी आल्यावर दोन आठवडे कचेरीची कामं होती, मी समजून घेतलं. मग एका संध्याकाळी ह्यांनी कोपऱ्यातली पिशवी काढली. मी भांडी भराभर विसळली, तोंड धुतलं, लुगडं घट्ट नेसून माजघराच्या दाराआड उभी राहिले. थोरल्या जाऊबाईंनी विचारलंही, "काय गं, वरात कुठं निघाली?" ओसरीवर सासूबाई वाती वळत बसल्या होत्या.

"कुठं रे?"

"बोगादीकडं. जरा खेळायला."

"कोण कोण?"

ह्यांनी पिशवीचा पट्टा खांद्यावर सारला. मी दाराआड आहे हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या बांगड्या वाजल्या होत्या. त्यांनी एकदा दाराकडं बघितलं.

"कोणी नाही," ते म्हणाले. "एकटाच."

"एकट्यानं कसला आलाय खेळ? सुम्ने, उगाच गार वारं अंगावर घेतोस," सासूबाई म्हणाल्या. हे पायऱ्या उतरून गेले. जाऊबाई माझ्याकडं बघत होत्या, आणि नवल म्हणजे त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. त्यानं तर मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी विचारलं नाही असं नाही. संधी मिळाल्यावर विचारलं. म्हणाले, "आईला वाईट वाटलं असतं."

"आणि मला?"

ते भिंतीकडं बघत राहिले. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. वाईट माणूस नव्हता तो. कधी हात उचलला नाही, कधी टाकून बोलले नाहीत. पण रोज संध्याकाळी काठ्या घेऊन एकटे जायचे, अंधार पडता यायचे, आणि पायांवरची धूळ धुवायला पाणी भिंतीकडं मागायचे. मुलं झाली, मोठी झाली. घरात बोलणं पुष्कळ व्हायचं. तांदळाचं, शाळेचं, पोरांच्या खोकल्याचं. मुलांमार्फत व्हायचं. "बाबांना सांग", "आईला विचार." अशी वर्षं गेली.

सासूबाई गेल्या. दीर वेगळे झाले. वडीलधारं म्हणावं असं घरात आता आम्हीच. वर्षश्राद्ध झाल्यावर एका संध्याकाळी हे पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. सून चुलीपाशी होती. तिच्यासमोर, चांगल्या मोठ्या आवाजात, माझ्याकडं बघून म्हणाले, "येतेस का बोगादीकडं?"

माझ्या हातातली परात खाली ठेवताना वाजली. सून लाजून बाहेर पळाली. मी पदर खोचला आणि निघाले.

माळ चांगला होता. उतार होता, वारा होता, करवंदीच्या जाळ्या होत्या. आम्ही शेजारी शेजारी चाललो. ह्यांनी चेंडू मारला, त्यामागून गेलो, पुन्हा मारला. मला वाटलं आता बोलतील. त्यांना वाटलं असेल, ही बोलेल. माळाच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरलो. मी मनात शोधत होते. एवढं सगळं सांगायचं साठलेलं, ते गेलं कुठं? एकही गोष्ट ओठावर येईना. मधे एकदा ते म्हणाले, "वारा आहे आज." मी म्हटलं, "हो." त्यांनी काठी माझ्यापुढं धरली, मी मानेनंच नको म्हटलं.

घरी आल्यावर पायरीशी थांबून त्यांनी विचारलं, "उद्या येशील ना?"

"उद्या मला काम आहे," मी म्हटलं. काम काही नव्हतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेही गेले नाहीत. ओसरीवर बसून राहिले, आणि मी आत.