न वाजलेला पाटा
तापल्या लोखंडावर ऑइल जळाल्याचा वास आला की मला अक्कलकोट रोडवरच्या गॅरेजातली ती भर दुपार आठवते. मामांना पिकअप उंच करून हवी होती. दुसऱ्या दिवशी तिच्यातून लेकीच्या लग्नाचं वऱ्हाड मैंदर्गीला न्यायचं होतं, आणि व्याह्यांनी मान वर करून पाहिल्याशिवाय लग्न लागत नाही असा त्यांचा समज होता. म्हातारे मिस्त्री भंगारातल्या एका अपघाती गाडीच्या स्प्रिंगचे पाटे पिकअपच्या जुन्या पाट्यांत मिसळत होते. प्रत्येकावर हातोडी मारून ते कान देत. एक पाटा वाजलाच नाही. तडा नव्हता, तरी त्यांनी तो बाजूला ठेवला. "नक्को भाई, इसके लोगां अब्बी उतरे नै." मामा हसले. "घाला की चाचा, लोखंडच हाय." घातला. जॅक काढला तशी ती रिकामी गाडी डावीकडून बोटाबोटानं खाली बसत गेली, एकेक माणूस चढावं तशी. मिस्त्रींनी तो पाटा उजवीकडे घातला. मग गाडी उजवीकडे बसली. मामांचं हसू गेलं. मिस्त्रींनी मागचा फाळका उघडला आणि बाजूला झाले. "बोलो. गाडी तुमारी है." मामांनी हात जोडले. "उतरा पावनं, गाव आलं." पाटे करकरले आणि गाडी बोटाबोटानं वर आली, सरळ उभी राहिली. नव्या जागी रुळायला लोखंडाला वेळ लागतो, एवढंच. आजही मी सगळ्यांना हेच समजावतो. त्या लग्नाला मात्र मी एसटीने गेलो होतो.