बघायला आलेल्याने समजावलेलं फर्स्ट डाऊन

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या बंगळूरच्या चामराजपेटेतल्या घरी अमेरिकेहून आलेला एक मुलगा मला बघायला आला. अमेरिकेचं स्थळ म्हटल्यावर अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पाय जमिनीवर राहीनात. सकाळपासून केसरीभात काय, बज्ज्या काय, मी हेच नेसायचं नि असंच बसायचं. नुसता वैताग!

मुलगा टेकला आणि फुटबॉलवर सुरू झाला. तिथला फुटबॉल म्हणे हातात घेऊन पळतात. मी काय शिकले, कुठे नोकरी करते, एक प्रश्न नाही. अण्णांनीच भिडेखातर विचारलं, "ते फर्स्ट डाऊन म्हणालात, ते काय हो?"

झालं! त्यानं बशीतली बज्जी उचलली आणि मी विणलेल्या टीपॉयच्या रुमालावर ठेवली. तेल निथळत होतं, मेल्याला दिसत नव्हतं का?

"हा बॉल. दहा यार्ड पुढे न्यायला चार संधी. एकेक संधी म्हणजे डाऊन. तेवढ्यात नेला तर पुन्हा फर्स्ट डाऊन, नव्यानं चार संधी. असं करत शेवटच्या रेघेपलीकडे गेलात की गुण."

ढकलत ढकलत बज्जी माझ्यापुढे आणली. रुमालभर पिवळे डाग. ती त्यानं तोंडात टाकली आणि चघळत म्हणाला, "माझ्या सुट्टीचंही तसंच, चार मुली बघण्यापुरती. दोन मुली बघितल्या, जमलं नाही. ही थर्ड डाऊन." बोट माझ्याकडे.

शी! आणि अण्णा हसले. चांगले खो खो हसले.

आमच्यात मुलाकडचे "कळवतो" म्हणून जातात आणि मुलीकडचे वाट बघत बसतात. तोही उठताना "कळवतो" म्हणाला. मी म्हटलं, "कळवू नका. मला तुम्ही पसंत नाही."

त्याची रिक्षा वळली तसे अण्णा माझ्यावर उखडले. "अगं, गमतीत बोलला तो!"

"तुम्ही का हसलात?"

"हसलो नसतो तर त्याला राग आला असता."

"आणि मला आला, त्याचं काय?"

अण्णांना ते खरंच सुचलं नव्हतं.